तीन देशांच्या सीमेवरचे अरण्य आणि त्याची शिखरे

जर्मनीचे बव्हेरिया राज्य, चेक प्रजासत्ताक आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमा जेथे एकमेकींना भिडतात, तेथे वायव्येकडून आग्नेयेकडे शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर पसरलेली एक वनाच्छादित डोंगररांग आहे. चेक बाजूला ती शुमावा या नावाने ओळखली जाते, जर्मन बाजूला तिला बव्हेरियन अरण्य म्हणतात, आणि दोन्ही बाजू मिळून होणाऱ्या प्रदेशाला बोहेमियाचे अरण्य हे जुने नाव आहे. या रांगेतील सर्वोच्च शिखर ग्रोसर आर्बर हे १४५६ मीटर उंच, म्हणजे कळसूबाईहून जवळपास १९० मीटरांनी ठेंगणे आहे. आकाश निवळ असले की दक्षिणेला आल्प्सची हिमाच्छादित रांग येथून दिसते, आणि तिच्या मानाने हे डोंगर अगदीच सामान्य वाटावेत अशी त्यांची बाह्य ठेवण आहे. तरीही मध्य युरोपातील पायी भटकणाऱ्यांच्या लेखी या शिखरांचे स्थान मोठे आहे आणि त्याचे कारण उंचीत शोधून सापडत नाही. येथे माथ्यावर उभे राहिल्यावर जे दिसते ते समजण्यासाठी वाटेतले जंगल नीट पाहावे लागते, कारण गेल्या अर्धशतकात या जंगलाने मरणे आणि पुन्हा उभे राहणे या दोन्ही गोष्टी माणसाच्या डोळ्यांदेखत करून दाखवल्या आहेत.

भूगोलात अशा डोंगरांना मध्यम उंचीचे पर्वत म्हणतात. हिमालय किंवा आल्प्स यांसारखे तरुण पर्वत अजून वर उचलले जात आहेत, त्यामुळे त्यांचे कडे तीव्र आणि सुळके टोकदार असतात. बोहेमियाच्या अरण्याखालचा खडक मात्र मुख्यतः ग्रॅनाइट आणि नाइस या प्रकारचा असून तो ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या पर्वतनिर्मितीत घडला. नाइस म्हणजे प्रचंड दाब आणि उष्णता सोसून रूपांतरित झालेला, पट्टेदार रचनेचा खडक. एके काळी येथे उभा असलेला उत्तुंग पर्वत ऊन, पाऊस आणि हिम यांनी झिजवला आणि आज जे उरले आहे ते त्याच्या पायाचे अवशेष आहेत. म्हणूनच माथे गोलसर, उतार लांबलचक आणि खिंडी रुंद आहेत. सह्याद्रीत लाव्हाच्या थरांनी तयार झालेले उभे कातळ चढण्याची सवय असलेल्या माणसाला येथे हात टेकण्याची वेळ क्वचितच येते. चढण सौम्य असते, पण ती तासन्‌तास झाडांखालून चालत राहते आणि शिखर शेवटच्या काही मिनिटांपर्यंत दृष्टीस पडत नाही.

या तासांमध्ये पाहण्यासारखे पुष्कळ असते. डोंगर चढताना हवा थंड होत जाते आणि तिच्याबरोबर झाडांचे प्रकार बदलतात हा नियम सर्वत्र लागू आहे, परंतु येथे त्याला एक विलक्षण अपवाद आढळतो. रात्री थंड झालेली हवा जड असल्यामुळे उतारावरून घरंगळत खोऱ्यांच्या तळाशी साचते आणि तेथेच अडकून राहते, यालाच हवामानशास्त्रात तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. त्यामुळे खोऱ्याचा तळ आणि पर्वताचा माथा हे दोन्ही थंड राहतात आणि मधला उतार तुलनेने उबदार असतो. परिणामी तळाच्या ओलसर सपाटीवर थंडी सोसणारा स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष वाढतो, मधल्या उतारावर बीच हा पानझडी वृक्ष, फर आणि स्प्रूस यांचे मिश्र जंगल लागते आणि सुमारे ११५० मीटरांच्या वर पुन्हा एकदा जवळजवळ निव्वळ स्प्रूसचे राज्य सुरू होते. एकाच चढणीत एक जंगल दोनदा भेटावे हा अनुभव लक्षपूर्वक चालणाऱ्यालाच येतो. हिवाळ्यात याच व्युत्क्रमणामुळे खोरी दिवसेंदिवस धुक्याखाली गाडलेली असतात आणि माथ्यावर मात्र लख्ख ऊन असते; आल्प्सचे सर्वांत स्वच्छ दर्शन त्या दिवसांत घडते. चेक बाजूच्या पठारावर येझेर्नी स्लाच नावाची दलदल आहे, तेथे थंड हवा साचून पारा उणे ४० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरल्याची नोंद आहे.

अशा दलदली हा या प्रदेशाचा दुसरा विशेष आहे. पाऊस आणि हिम भरपूर, बाष्पीभवन अल्प आणि खालचा खडक पाणी न जिरवणारा, अशा ठिकाणी मेलेले शेवाळ कुजत नाही; ते थरावर थर साचून त्याचे पीट बनते. पीटचा थर वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो, त्यामुळे काही मीटर जाडीचा थर म्हणजे हिमयुगानंतरचा हजारो वर्षांचा संचय होय. त्यात अडकलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली तपासून येथे कोणत्या काळात कोणती झाडे होती हे शास्त्रज्ञांना सांगता येते. दलदलीवरून जाणारी वाट फळ्यांची केलेली असते आणि त्या फळीवरून खाली पाय टाकणे हा केवळ नियमभंग नसून शतकांचे काम एका पावलाने दाबून टाकणे आहे.

या सर्व शिखरांमध्ये अभ्यासकाने आधी निवडावे ते लुझेन. उंची १३७३ मीटर, चेक सीमा माथ्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि वाल्डहॉयझर या वस्तीपासून चढण अर्ध्या दिवसात सहज पुरी होणारी. माथा संपूर्ण उघडा आहे. मोठमोठ्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांचा तो एक प्रचंड ढीग असून, सैतानाने आपला खजिना दडवण्यासाठी हे दगड येथे रचले अशी स्थानिक दंतकथा आहे. प्रत्यक्षात हे काम हिमयुगाने केले. त्या काळात हा माथा कायमच्या बर्फाच्या टोपीखाली नव्हता, परंतु खडकाच्या भेगांत शिरलेले पाणी गोठताना प्रसरण पावे, वितळल्यावर अधिक खोल शिरे आणि पुन्हा गोठे. हजारो वर्षांच्या या खेळात अखंड कातळ फुटून त्याचे धोंडे झाले. त्यांच्यामध्ये माती साठत नसल्यामुळे झाड रुजत नाही. म्हणजे लुझेनचा माथा बोडका आहे तो उंचीमुळे नाही, मातीच्या अभावामुळे. या धोंड्यांवर पिवळसर हिरव्या रंगाचे जे नकाशासारखे डाग दिसतात ते दगडफुलाच्या एका जातीचे आहेत. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून बनलेला जीव. ही जात इतक्या सावकाश वाढते की तिच्या डागाचा व्यास मोजून एखादा दगड किती काळ उघडा पडलेला आहे याचा अंदाज बांधता येतो. दुरून पाहिल्यास संपूर्ण माथा हिरवट दिसतो तो याच डागांमुळे.

लुझेनवरून उत्तरेकडे चेक खोरे आणि दक्षिणेकडे बव्हेरियाचे उतार यांच्याकडे नजर टाकली असता करड्या, निष्पर्ण खोडांमधून वर आलेली दाट हिरवी रोपे दिसतात. या दृश्यामागे एक मोठा वाद आहे. १९६९ मध्ये बव्हेरियाच्या विधिमंडळाने येथे राष्ट्रीय उद्यान स्थापण्याचा निर्णय घेतला आणि ७ ऑक्टोबर १९७० रोजी जर्मनीतील हे पहिले राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. सेरेंगेटीवरील चित्रपटामुळे जगभर ज्ञात झालेले प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्झिमेक हे त्याचे प्रमुख पुरस्कर्ते होते. परंतु उद्यान म्हणजे नेमके काय करायचे हे तेव्हा पुरते ठरले नव्हते. वनाधिकारी पूर्वीप्रमाणे झाडे तोडीत आणि लावीत होते. ऑगस्ट १९८३ मध्ये वादळांनी येथील हजारो झाडे आडवी केली आणि प्रश्न उभा राहिला की पडलेली झाडे उचलायची की तशीच ठेवायची. राज्याचे तत्कालीन वनमंत्री हान्स आइझेनमान यांनी मध्यवर्ती भागातील झाडे न उचलण्याचा निर्णय घेतला, आणि उद्यानाचे प्रमुख हान्स बिबेलरीटर यांनी निसर्गाला निसर्ग म्हणून राहू देणे हे उद्यानाचे सूत्र बनवले. व्यावसायिक वनशास्त्रात शिकलेल्या पिढीला हा विचार धक्कादायक होता, कारण पडलेले स्प्रूसचे खोड जंगलात ठेवणे म्हणजे साथीला निमंत्रण देणे हे त्या शास्त्रातले मूलभूत तत्त्व होते.

साथ आली. स्प्रूसच्या सालीखाली राहणारा, जेमतेम पाच मिलिमीटर लांबीचा एक भुंगेरा असतो. निरोगी झाडाच्या सालीत तो शिरू लागला की झाड डिंक सोडून त्याला बुडवते. दुष्काळाने अशक्त झालेले किंवा वादळाने पडलेले झाड मात्र पुरेसा डिंक सोडू शकत नाही. मग आत शिरलेला नर गंधद्रव्य सोडून इतरांना बोलावतो, माद्या खोडाच्या उभ्या दिशेने बोगदा कोरून त्याच्या दोन्ही कडांना अंडी घालतात, आणि अंड्यांतून निघालेल्या अळ्या आडवे बोगदे खणीत झाडाचा अन्नरस वाहून नेणारा थर खाऊन टाकतात. उन्हाळा उबदार असेल तर वर्षात दोन किंवा क्वचित तीन पिढ्या निपजतात आणि संख्या इतकी वाढते की धडधाकट झाडांचा डिंकही अपुरा पडतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे, आणि विशेषतः १९९० च्या दशकाच्या मध्यास, लुझेन आणि राखेल या शिखरांभोवतीचे हजारो हेक्टर स्प्रूसवन या भुंगेऱ्याने मारले. माथ्यावरून दिसत होते ते करड्या खोडांचे मैलोन्‌मैल पसरलेले रान. आजूबाजूच्या गावांतील लोकांनी संघटित होऊन विरोध केला, आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता, कारण ज्या जंगलाच्या आधारे त्यांच्या पूर्वजांनी उपजीविका केली ते त्यांच्या डोळ्यांसमोर मरत होते आणि ज्यांच्या हाती ते सोपवले होते ते हात बांधून उभे होते. १९९७ मध्ये उद्यानाचा विस्तार करून त्याचे क्षेत्र सुमारे २४ हजार हेक्टर करण्यात आले तेव्हा हा विरोध आणखी तीव्र झाला.

पुढे जे घडले त्याची मोजदाद शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे केली आहे. उभी वाळलेली खोडे सावली देत राहिली, मग एकेक करून पडली आणि कुजू लागली. कुजणारे खोड स्पंजप्रमाणे ओलावा धरून ठेवते, जमिनीवरच्या दाट गवताच्या वर असते आणि त्यावरचे हिम लवकर वितळते. या तिन्ही कारणांनी स्प्रूसचे बी जमिनीपेक्षा अशा खोडावर अधिक यशस्वीपणे रुजते. म्हणूनच काही ठिकाणी तरुण झाडे एका सरळ रेषेत उभी दिसतात, ती एखाद्या आता नाहीशा झालेल्या खोडाची खूण असते. लागवड न करताही उंच भागातील जंगल परत आले, आणि एकाच वयाच्या, एकाच उंचीच्या लागवडीऐवजी लहानमोठी झाडे, मोकळ्या जागा, रोवन आणि बर्च यांसारखे पानझडी वृक्ष असे त्याचे रूप झाले. मृत लाकडावर जगणाऱ्या ज्या बुरशी आणि भुंगेरे जर्मनीत अत्यंत दुर्मीळ झाले होते ते येथे पुन्हा वाढले. लिंबाच्या रंगाची एक बुरशी तर पुष्कळ मृत लाकूड असल्याशिवाय टिकतच नाही. जंगल मेल्यावर भूजलातील नायट्रेटचे प्रमाण काही वर्षे वाढले, पण रोपांनी जमीन व्यापताच ते पुन्हा उतरले. आइझेनमान आणि बिबेलरीटर यांचा निर्णय बरोबर होता हे आज लुझेनच्या माथ्यावरून नुसत्या डोळ्यांनी पडताळता येते. याचा अर्थ सर्वच जंगलांत हेच करावे असा होत नाही. खासगी शेतकऱ्याच्या वनाशेजारी भुंगेऱ्याला मोकळे सोडता येत नाही, आणि म्हणूनच उद्यानाच्या कडेच्या पट्ट्यात लागण झालेली झाडे आजही तोडली जातात.

चेक बाजूला हाच प्रश्न अधिक कटू झाला. शुमावा राष्ट्रीय उद्यान १९९१ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे ६८० चौरस किलोमीटर, म्हणजे जर्मन उद्यानाच्या जवळपास तिप्पट आहे. जानेवारी २००७ मध्ये किरिल नावाच्या वादळाने तेथे मोठी पडझड केली आणि नंतर भुंगेऱ्याची साथ पसरली. झाडे तोडावीत की नाही यावर राजकीय पक्ष, वनखाते आणि पर्यावरणवादी यांच्यात संघर्ष पेटला आणि २०११ च्या उन्हाळ्यात तोड थांबवण्यासाठी कार्यकर्ते जंगलात ठाण मांडून बसले. या भागात अशी साथ प्रथमच आली होती असे मात्र नाही. १८६८ आणि १८७० च्या वादळांनंतर १८७० च्या दशकात अशाच भुंगेऱ्याने शुमावातील जंगले उद्ध्वस्त केली होती, आणि त्या काळातील लाकूडतोडीचे, अचानक आलेल्या पैशाचे आणि नंतरच्या ओसाडीचे चित्रण कारेल क्लोस्टरमान या चेक कादंबरीकाराने केले आहे.

हे जंगल माणसाचा हात न लागलेले कधीच नव्हते, ही गोष्ट चालणाऱ्याने ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. मध्ययुगात पासाउ या डॅन्यूबकाठच्या शहरातून घोड्यांच्या पाठीवर मीठ लादून बोहेमियातील प्राखातित्से या गावी नेणारा व्यापारी मार्ग याच रांगेवरून जात असे. त्याच्या जकातीचा उल्लेख १०१० च्या दस्तऐवजात सापडतो. त्यानंतर काच आली. काचेसाठी गारगोटी, म्हणजे क्वार्ट्‌झ, आणि ती कमी तापमानाला वितळावी म्हणून पोटॅश लागते, आणि पोटॅश लाकडाच्या राखेपासून काढावे लागते. किलोभर पोटॅशसाठी शेकडो किलो लाकूड जाळावे लागत असल्यामुळे भट्टीच्या इंधनापेक्षाही राखेसाठी अधिक जंगल खर्ची पडे, आणि भोवतालचे रान संपले की भट्टीच पुढे हलवली जाई. बव्हेरियाच्या बाजूला फ्राउएनाउ आणि त्स्वीझेल ही गावे आजही काचेसाठी प्रसिद्ध आहेत. उंच उतारांवर जंगलाच्या मधोमध जी गवताळ मोकळी मैदाने लागतात, ज्यांत एखादाच म्हातारा मेपल किंवा बीच उभा असतो, ती गुराख्यांनी जनावरांच्या विसाव्यासाठी राखलेली होती.

लाकडाची वाहतूक ही याहूनही अवघड गोष्ट होती, आणि तिच्यावरचा उपाय आजही चालत पाहता येतो. या रांगेचा कणा हा युरोपचा जलविभाजक आहे. जलविभाजक म्हणजे ज्या रेषेच्या एका अंगाला पडलेला पाऊस एका नदीप्रणालीत आणि दुसऱ्या अंगाला पडलेला दुसऱ्या प्रणालीत जातो ती रेषा. बव्हेरियाच्या बाजूचे पाणी रेगेन आणि इल्त्स या नद्यांतून डॅन्यूबला आणि पुढे काळ्या समुद्राला मिळते, तर चेक बाजूचे बहुतेक पाणी व्ल्तावा नदीतून एल्बेला आणि उत्तर समुद्राला जाते. व्हिएन्ना शहराला सरपण हवे होते आणि ते डॅन्यूबवर होते. शुमावातील लाकूड मात्र उत्तरेकडे वाहणाऱ्या पाण्याच्या खोऱ्यात होते. श्वार्झेनबर्ग सरदारघराण्याच्या सेवेतील योसेफ रोझेनाउअर या वनाधिकाऱ्याने यावर तोडगा म्हणून उतारावरून अत्यल्प ढाळाने नेलेला एक कालवा आखला आणि तो जलविभाजकाच्या पलीकडे काढला. १७८९ मध्ये काम सुरू झाले, १७९३ पर्यंत पहिला टप्पा पुरा झाला आणि १९ व्या शतकाच्या तिसऱ्या दशकात डोंगराखालून बोगदा काढून तो आणखी आत नेण्यात आला. चाळीस किलोमीटरांहून लांब असलेल्या या कालव्यातून लाकडाचे ओंडके तरंगत डॅन्यूबच्या उपनदीत उतरत. आज त्याच्या काठाने जाणारी सपाट पायवाट ही प्लेखी या सीमेवरच्या शिखराच्या चढणीची उत्तम पूर्वतयारी आहे.

याच घराण्याच्या मालकीच्या जंगलात १८५८ मध्ये बोउबीन या १३६२ मीटर उंचीच्या शिखराच्या उतारावरील एक आदिम वन तोडीतून वगळण्यात आले. त्यासाठी योसेफ जॉन या वनाधिकाऱ्याने आग्रह धरला होता आणि हे युरोपातील सर्वांत जुन्या संरक्षित वनांपैकी एक आहे. ज्या काळात जंगलाची किंमत ओंडक्यांत मोजली जात होती त्या काळातला हा निर्णय शंभर वर्षांनी बव्हेरियात झालेल्या निर्णयाचा खरा पूर्वज मानला पाहिजे.

शिखरांवरून दिसणाऱ्या अखंड हिरवाईचे आणखी एक कारण आहे आणि ते सुखद नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातून सुमारे ३० लाख जर्मनभाषकांना हाकलण्यात आले. शुमावाची सीमेलगतची गावे मुख्यतः त्यांचीच होती. १९४८ मध्ये कम्युनिस्ट राजवट आल्यानंतर सीमेवर निषिद्ध पट्टा आखला गेला, १९५० च्या दशकात विजेचा प्रवाह सोडलेली तारेची कुंपणे उभी राहिली आणि रिकामी गावे जमीनदोस्त करण्यात आली. क्नीझेत्सी प्लान्ये येथील चर्च १९५६ मध्ये उडवून देण्यात आले. आज तेथे दफनभूमी उरली आहे. बुचिना येथे त्या कुंपणाचा एक तुकडा नमुन्यादाखल पुन्हा उभारला आहे. बायरिश आइझेनश्टाइन येथील रेल्वेस्थानकाच्या इमारतीच्या मधूनच सीमारेषा जाते. १८७० च्या दशकात दोन्ही बाजूंनी मिळून बांधलेले हे स्थानक शीतयुद्धात भिंत घालून दुभागले गेले आणि १९९१ मध्ये पुन्हा खुले झाले. चाळीस वर्षे माणसाला मज्जाव असल्यामुळे सीमेवरच्या पट्ट्यात वन्यजीवांना निवारा मिळाला हे खरे आहे, परंतु त्याची किंमत उजाड झालेल्या गावांनी मोजली हे विसरून त्या निवाऱ्याचे कौतुक करणे योग्य होणार नाही.

कुंपण गेले, तरी त्याची आठवण एका प्राण्याने जपली आहे. तांबड्या हरणांच्या गळ्यात उपग्रहाद्वारे स्थान कळवणारे पट्टे बांधून केलेल्या अभ्यासात असे आढळले की १९८९ नंतर, म्हणजे कुंपण हटल्यावर जन्मलेली हरणेही बहुतांशी जुन्या सीमारेषेपाशी थबकतात. हरणाचे आयुष्य सुमारे पंधरा वर्षांचे, म्हणजे ज्यांनी विजेची तार प्रत्यक्ष पाहिली ती केव्हाच मेली. परंतु पाडस पहिले वर्ष आईच्या मागे फिरते आणि तिच्या वाटा शिकते, त्यामुळे आईने टाळलेली रेषा पिल्लूही टाळते. लिंक्स या रानमांजराची गोष्ट वेगळी आहे. १९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत तो येथून शिकारीने नाहीसा झाला होता. १९७० आणि १९८० च्या दशकांत दोन्ही बाजूंना सोडलेल्या लिंक्सांपासून वाढलेली आजची संख्या सीमा मानीत नाही.

सीमेवरूनच चालायचे असेल तर ड्रायझेसेल ते प्लेखी ही धार निवडावी. ड्रायझेसेलच्या माथ्यावर ग्रॅनाइटचे थर एकावर एक रचलेल्या गाद्यांप्रमाणे दिसतात. जमिनीखाली असतानाच भेगांच्या जाळ्यातून पाणी झिरपून खडकाचे कोपरे कुजत गेले आणि वरची माती धुऊन गेल्यावर हे गोल कडांचे ठोकळे उघडे पडले. तीन राजांनी आपापल्या भूमीत बसून येथे सल्लामसलत केली अशी आख्यायिका या शिळांशी जोडलेली आहे. तेथून धारेने गेल्यावर तिन्ही देशांचा सामाईक सीमास्तंभ लागतो आणि पुढे ऑस्ट्रिया व चेक प्रजासत्ताक यांच्या सीमेवर १३७८ मीटर उंचीचे प्लेखी शिखर येते, जे शुमावाच्या चेक भागातील सर्वोच्च आहे. त्याच्या पायथ्याशी कड्याच्या कुशीत प्लेश्ने सरोवर आहे आणि सरोवराच्या वर १८७० च्या दशकात उभारलेला आडालबेर्ट श्टिफ्टर या लेखकाचा स्मारकस्तंभ आहे. श्टिफ्टर १८०५ मध्ये जवळच्या ओबरप्लान, म्हणजे आजच्या होर्नी प्लाना, येथे जन्मला. निसर्गातील लहान, संथ घडामोडींना तो वादळ आणि ज्वालामुखीपेक्षा मोठे मानत असे, आणि दगडफुलाने धोंडा व्यापावा किंवा शेवाळाने पीट रचावे अशा या प्रदेशात त्याची दृष्टी घडली हे येथे चालताना सहज पटते.

प्लेश्ने हे हिमनदीने कोरलेल्या आठ सरोवरांपैकी एक आहे; पाच चेक बाजूला आणि तीन बव्हेरियात. हिमयुगात ईशान्येकडील सावलीच्या उतारांवर हिम साचून लहान हिमनद्या बनल्या, त्यांनी डोंगराच्या अंगात खोलगट वाडगे कोरले आणि वितळताना तोंडाशी दगडमातीचा बांध सोडला. त्यांतील चेर्ने आणि चेर्तोवो ही दोन सरोवरे एकाच डोंगराच्या दोन बाजूंना आहेत, तरी पहिल्याचे पाणी उत्तर समुद्राला आणि दुसऱ्याचे काळ्या समुद्राला जाते. आर्बरखालच्या लहान सरोवरात तरंगती बेटे आहेत. १८८५ मध्ये ओंडके वाहून नेण्यासाठी पाणी अडवले तेव्हा पातळी वाढून काठचे पीट सुटले आणि ती तयार झाली. आर्बरवर मात्र पाळणा जातो आणि माथ्यावर शीतयुद्धकालीन रडारचे पांढरे घुमट आहेत, त्यामुळे एकांत हवा असलेल्याने तेथे भल्या सकाळी पोहोचावे किंवा राखेल निवडावे.

म्युनिकमध्ये आणि आसपास नोकरी-शिक्षणानिमित्त राहणाऱ्या मराठी माणसांची संख्या वाढली आहे आणि त्यांतील पुष्कळांना सह्याद्रीची ओढ असते. प्लाटलिंगला गाडी बदलून त्स्वीझेलपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने गेल्यास ही शिखरे त्यांच्या आवाक्यात आहेत. चेक बाजूला पायवाटांच्या खुणा १८८८ मध्ये स्थापन झालेल्या चेक पर्यटक संघाने राखल्या आहेत: दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये लाल, निळा, हिरवा किंवा पिवळा पट्टा, आणि त्यांतील लाल बहुधा धारेवरच्या मुख्य वाटांसाठी. वरच्या भागात मे महिन्यापर्यंत हिम असू शकते, माथ्यावरचे ओले धोंडे अतिशय निसरडे असतात, आणि वाळलेली खोडे वाऱ्यात अचानक कोसळत असल्याने वादळी दिवशी अशा जंगलातून जाऊ नये.

उद्यानांच्या गाभ्यात ठरलेल्या वाटेवरूनच चालण्याचे बंधन आहे आणि ते काटेकोरपणे पाळले पाहिजे. कॅपरकेली हा रानकोंबड्याच्या कुळातील मोठा पक्षी हिवाळा केवळ सूचिपर्णी झाडांच्या सुया खाऊन काढतो; या अन्नातून शक्ती इतकी थोडी मिळते की माणसाच्या चाहुलीने त्याला वारंवार उडावे लागले तर तो वसंतापर्यंत तगत नाही. म्हणूनच लुझेनच्या उत्तरेकडील मोड्री स्लोउप येथील सीमा ओलांडणारी वाट पादचाऱ्यांसाठी फक्त १५ जुलै ते १५ नोव्हेंबर या काळात खुली असते.